गाईड डॉग रस्ता दाखवत नाही, मग करतो काय?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या आहेत. त्यांचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे त्याची नजर आक्रसत आक्रसत आता नळीतून पाहिल्यासारखी उरली आहे आणि अंधारात तर काहीच दिसत नाही. त्याने गाईड डॉगसाठी, म्हणजे अंधांना चालताना साथ द्यायला शिकवलेल्या कुत्र्यासाठी, अर्ज केला, तो मंजूर झाला आणि आता तो प्रतीक्षायादीत आहे. घरात आईंना हे अजिबात पटलेलं नाही. "मुक्या जनावराच्या भरवशावर पोरगं रस्ता ओलांडणार?" हा त्यांचा सवाल. शिवाय ताईंनी विचारलंय की कुत्र्याला सिग्नल कळतो का, इतर अपंगांसाठीही असे कुत्रे असतात का, आणि भाऊ सुट्टीला येताना त्याला पुण्याला आणू शकेल का. सगळ्यात शेवटी आईंचा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तरही शेवटीच देते.

मी मूळची सांगलीची. गेली सतरा वर्षं इंग्लंडमध्ये गाईड डॉग आणि ते ज्यांच्याकडे जातात ती माणसं, यांची जोडी जमवून त्यांना एकत्र शिकवण्याचं काम करते आहे. आईंची भीती मला परकी नाही. माझ्या स्वतःच्या आजीनेही हेच विचारलं होतं, फक्त जास्त तिखट शब्दांत.

आधी गैरसमज काढून टाकू. गाईड डॉग माणसाला "घेऊन जात" नाही. त्याच्या डोक्यात लेस्टरचा नकाशा नसतो. "चल, ऑफिसला" म्हटलं आणि कुत्रा निघाला, असं होत नाही. दुसरं वळण डावीकडे, मग बँकेचा कोपरा, मग रस्ता ओलांडायचा, हे सगळं भावाच्याच डोक्यात असावं लागतं. "पुढे", "डावीकडे", "दार शोध" असं तो सांगतो. तेवढ्या चौकटीत कुत्रा दोनच कामं करतो. माणूस कशावरही आपटणार नाही अशा वाटेने त्याला नेतो, आणि जिथे धोका किंवा निर्णय आहे तिथे थांबतो. म्हणूनच तर पांढऱ्या काठीने स्वतंत्र फिरता येणं ही कुत्रा मिळण्याच्या आधीची पायरी आहे. ज्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही, त्याला कुत्रा मिळाला तर दोघं मिळून हरवतील. तुमच्या भावाचा अर्ज मंजूर झालाय याचा अर्थ ही परीक्षा तो पास झालाय, एवढं आईंना जरूर सांगा.

काठी आणि कुत्रा यांत फरक काय? काठी अडथळा शोधून काढते, कुत्रा तो चुकवतो. काठी कचऱ्याच्या डब्याला लागते, मग तुम्ही थांबता, चाचपता, वळसा घालता. कुत्र्याबरोबर चालताना तो डबा होता हेच तुम्हाला कळत नाही, फक्त कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला, जोडलेलं हातातलं हँडल जरा उजवीकडे सरकल्याचं जाणवतं. डोक्याच्या उंचीवरच्या गोष्टी, म्हणजे लोंबणारी फांदी किंवा टेम्पोचा उघडा फाळका, काठीला सापडत नाहीत, थेट कपाळालाच सापडतात. कुत्र्याला मात्र स्वतःच्या नव्हे, माणसाच्या उंचीरुंदीचा हिशेब शिकवलेला असतो. दीड-दोन फूट उंचीच्या प्राण्याने "इथून मी जाईन, पण माझ्या उजव्या बाजूला चालणारा हा सहा फुटी माणूस जाणार नाही" असं ओळखायचं, हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दर वेळी नवा कुत्रा ते पहिल्यांदा बरोबर करतो तेव्हा मला अजूनही टाळी वाजवाविशी वाटते.

आता सिग्नल. कुत्र्याला तो कळत नाही. कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग नीट वेगळे दिसतात, लाल आणि हिरवा त्यांना बराचसा सारखाच. रस्ता केव्हा ओलांडायचा हे माणूस ठरवतो, वाहनांचा आवाज ऐकून किंवा सिग्नलच्या खांबाच्या आधाराने. इंग्लंडमध्ये पादचाऱ्यांसाठी बटणाचा जो डबा असतो, त्याच्या तळाशी बहुतेक ठिकाणी बोटभर आकाराचा एक छोटा शंकू बसवलेला असतो. हिरवा माणूस लागला की तो शंकू गोल फिरतो. डोळस लोक तिथे वर्षानुवर्षं राहतात, पण त्यांना हे ठाऊक नसतं. भावाने कुत्र्याला "खांब शोध" म्हणायचं, कुत्रा त्याला डब्यापाशी नेऊन उभा करणार, भाऊ बटण दाबून खाली बोट ठेवणार, शंकू फिरला की "पुढे" म्हणणार. पायाखाली गोल उंचवट्यांच्या फरशा असतात, त्यामुळे ओलांडायची जागा बुटाच्या तळव्यालाही कळते.

आणि "पुढे" म्हटल्यावरही समोरून गाडी आली तर? इथे आईंच्या प्रश्नाचा गाभा आहे. त्या क्षणी कुत्रा आज्ञा मोडतो. तो हलत नाही, किंवा माणसाच्या पुढ्यात आडवा येतो. आमच्या धंद्यात याला शहाणा आज्ञाभंग म्हणता येईल. आज्ञा पाळायला शिकवणं तसं सोपं, पण कोणती आज्ञा पाळायची नाही हे शिकवण्यात महिने जातात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इंजिनाचा आवाज तरी असायचा. इलेक्ट्रिक गाड्या हळू चालताना जवळजवळ निःशब्द असतात. युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलच्या अशा गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज बंधनकारक झाला, पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. माझ्याकडे शिकलेले एक निवृत्त बसचालक लेस्टरच्या मेल्टन रोडवर, त्या साड्या-दागिन्यांच्या दुकानांच्या गर्दीत रोज फिरत. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी कुत्री थांबली. त्यांना काहीच ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी दोनदा "पुढे" म्हटलं. ती हलेना. त्यांनी चिडून तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, तोच त्यांच्या बुटाच्या टोकासमोरून एक गाडी मागे मागे जात गेली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "तीस वर्षं बस चालवली, पण मला ब्रेक आज कळला."

माझीही एक चूक सांगते. कुत्रा माणसाकडे सोपवण्याआधी आम्ही प्रशिक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याबरोबर चालतो. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका चाचणीत माझा कुत्रा सरळ, मोकळ्या फुटपाथवर मध्येच थांबला. रस्ता माझ्या ओळखीचा, तिथे थांबण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला दटावलं, हँडल पुढे ढकललं. तो ठाम. पायाने चाचपल्यावर पुढे फरशीच लागेना. रात्रीतून कोणीतरी खड्डा खणला होता आणि भोवतीचं कठडं सरकवून ठेवलं होतं. मागून पाहत चालणारी माझी वरिष्ठ बाई काही बोलली नाही, नुसती हसली. त्या दिवसापासून नव्या जोडीला माझं पहिलं वाक्य ठरलेलं: कुत्रा थांबला तर आधी पाय पुढे करून बघा, मग तोंड उघडा.

म्हणजे हा भरवसा आंधळा नाही, शब्दाच्या कुठल्याही अर्थाने. ठरवतो माणूस, आणि कुत्र्याकडे असतो नकाराधिकार.

हे कुत्रे येतात कुठून? ब्रिटनमध्ये हे काम सुरू झालं १९३१ मध्ये, लिव्हरपूलसमोरच्या वॉलसी गावात, जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा अशा चार अल्सेशियन कुत्र्यांपासून. त्याआधी जर्मनीत, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला पहिली शाळा निघाली होती. आज बहुतेक कुत्रे लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा या दोघांचा संकर असतात. गाईड डॉग देणारी संस्था स्वतःच त्यांची पैदास करते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की ते स्वयंसेवकाच्या घरी जातं आणि वर्ष-सव्वा वर्ष तिथेच वाढतं. बस, लिफ्ट, बाजार, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, फटाके, सगळं त्याला दाखवलं जातं. स्वयंसेवक मग ते परत करतात. तो दिवस म्हणजे मुलीची पाठवणी असते, रडणं चुकत नाही. पुढचे काही महिने ते आमच्यासारख्यांच्या हाताखाली शिकतं. सगळेच पास होत नाहीत. कबुतर दिसलं की ज्याचं भान सुटतं, किंवा ज्याला लॉरीच्या ब्रेकचा फुस्स आवाज सहन होत नाही, त्याला आम्ही जबरदस्ती करत नाही. तो दुसरं काम करतो किंवा कोणाच्या तरी घरी मजेत राहतो.

शिकवणं मारून होत नाही. सगळं खाऊवर चालतं. लॅब्राडॉर हावरट असतो ही त्याची बदनामी नाही, जनुकांचीच गोष्ट आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला सापडला. साध्या लॅब्राडॉरपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्यात तो होता, तर सहाय्यक कुत्र्यांच्या, म्हणजे अपंगांना मदत करायला शिकवलेल्या कुत्र्यांच्या, गटात तब्बल तीन चतुर्थांश जणांत. आम्ही पिढ्यानपिढ्या "शिकायला सोपे" म्हणून जे निवडत गेलो, ते बहुधा कायमचे भुकेलेच होते.

जोडी जमवणं हा मात्र खरा कौशल्याचा भाग, आणि लग्न जुळवणाऱ्या काकूंपेक्षा आम्ही कमी चौकशा करत नाही. भाऊ किती वेगाने चालतो? उंची किती? ऑफिस गजबजलेलं की शांत? घरात लहान मुलं आहेत का? आवाज चढवून बोलतो की हळू? त्याच्याबरोबर आम्ही एक गंमतशीर चाचणीही करतो. हार्नेसचं हँडल त्याच्या हातात देतो, आणि कुत्र्याच्या जागी दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक चालतो. पहिल्यांदा हे करताना लोकांना हसू आवरत नाही, पण त्या दहा मिनिटांत मला त्याचा वेग, तोल आणि हाताची पकड कळते. कोविडच्या काळात पैदास काही महिने थांबवावी लागली होती, त्याने यादी आणखी लांबली. भावाला वाट पाहावी लागेल. पण घाईने दिलेला चुकीचा कुत्रा परत घेणं दोघांसाठी वाईट, त्यापेक्षा वाट पाहणं बरं. खर्चाचं विचारलं नाहीत तरी सांगते: कुत्रा फुकट मिळतो आणि गरज असेल तर त्याच्या खाण्याचा व डॉक्टरचा खर्चही संस्था उचलते. हे सगळं लोकांच्या देणग्यांवर चालतं.

कुत्रा आल्यावर काही आठवडे प्रशिक्षक दोघांबरोबर असतो. ऑफिसची वाट, दुकान, स्टेशन. शी-शू सुद्धा सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी. त्यासाठी इथे "बिझी बिझी" असे शब्द शिकवलेले असतात. भर थंडीत, गंभीर चेहऱ्याने एखादा बँक मॅनेजर कुत्र्यामागे उभा राहून "बिझी बिझी" पुटपुटताना दिसला तर चक्रावू नका. पण खरी जोडी जमायला माझ्या अनुभवात सहा महिने ते वर्ष लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक जण मला फोन करून "हे काही जमत नाही, परत घेऊन जा" म्हणतो. भावाने तसं म्हटलं तर त्याला म्हणू द्या, आणि आठवडाभराने पुन्हा विचारा.

इतर अपंगांसाठी? हो, आणि त्यांची कामं ऐकून आईंचं मत बदलण्याची शक्यता जास्त. कर्णबधिरांसाठीचा कुत्रा दाराची घंटा, बाळाचं रडणं, गजर ऐकला की मालकाला पंजाने किंवा नाकाने ढोसतो आणि आवाजाच्या दिशेने नेतो. आगीचा अलार्म असेल तर मात्र तो नेत नाही. ढोसतो आणि तिथल्या तिथे जमिनीवर आडवा होतो. "तिकडे जाऊ नकोस" याची ही खूण. किती साधा आणि किती विचारपूर्वक केलेला फरक आहे बघा. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी शिकवलेले कुत्रे पडलेली किल्ली उचलून देतात, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडतात, मोजे काढतात, वॉशिंग मशीनमधून कपडे काढून देतात. एंडल नावाचा एक लॅब्राडॉर इथे फार गाजला. त्याचे मालक ॲलन पार्टन हे आखाती युद्धात जखमी झालेले नौसैनिक. २००१ मध्ये गाडीची धडक बसून ते व्हीलचेअरमधून खाली पडले, तेव्हा एंडलने त्यांना कुशीवर वळवलं, पांघरूण ओढून घातलं, फोन आणून दिला आणि मग जवळच्या हॉटेलात जाऊन माणसं बोलावली.

मधुमेहाच्या रुग्णाची साखर खाली जाताना वासावरून इशारा देणारे कुत्रे आहेत. अपस्माराच्या रुग्णाला फिट आल्यावर मदत बोलावणारेही आहेत. इथे मी जरा हात राखून बोलते. यांतले काही फार चांगलं काम करतात, पण सगळे सारखे नसतात, आणि कुत्रा आहे म्हणून ग्लुकोमीटर कपाटात ठेवणं हा वेडेपणा. कोणी "आमचा कुत्रा हमखास ओळखतो" म्हणून पैसे मागत असेल तर दोन पावलं मागे व्हा. मनाला आधार देणारा घरचा कुत्रा मोलाचा असतोच, पण तो सहाय्यक कुत्रा नव्हे. बाजारात मिळणारं जाकीट घातल्याने तो तसा होत नाही. असे न शिकवलेले कुत्रे दुकानांत भुंकतात, चावायला धावतात, आणि मग दारावरचा माणूस खऱ्या गाईड डॉगलाही अडवतो.

अडवणूक होते, हे भावाला आधीच माहीत असलेलं बरं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे टॅक्सीवाल्याला सहाय्यक कुत्रा नाकारता येत नाही, जादा पैसेही घेता येत नाहीत. फक्त ज्याच्याकडे ॲलर्जीसारख्या वैद्यकीय कारणाचं अधिकृत प्रमाणपत्र आहे, त्यालाच सूट. तरीही कुत्रा पाहून पुढे निघून गेलेल्या टॅक्सीच्या कहाण्या माझ्याकडच्या जवळपास प्रत्येकाकडे आहेत. वाईट वाटतं ते हे की नाकारणाऱ्यांत आपल्या उपखंडातले लोकही कमी नसतात. कुत्रा म्हणजे अस्वच्छ, ही समजूत आपण सामानात बांधून आणलेली असते.

आता पुण्याला आणण्याचं. कागदोपत्री जमतं. भारतात आणायच्या परवानग्या आणि क्वारंटाइन विभागाचा ना-हरकत दाखला लागतो. परतताना ब्रिटनचे रेबीजचे नियम आड येतात, म्हणून लसीनंतरची रक्ततपासणी निघण्याच्या बऱ्याच आधी करून घ्यावी लागते. पण माझा स्पष्ट सल्ला: दोन-तीन आठवड्यांसाठी आणू नका. कुत्रा भित्रा आहे म्हणून नव्हे. तो थांबतो कशावर? फुटपाथच्या कडेवर. आपल्याकडे फुटपाथ मध्येच संपतो, कधी दुकानात शिरतो, कधी त्यावर दुचाकी चढते. दर दहा पावलांवर त्याला निर्णय घ्यावा लागेल आणि तो दमेल. प्रत्येक गल्लीत भटक्या कुत्र्यांची हद्द असते. हार्नेसमधला कुत्रा पळूही शकत नाही, भांडूही शकत नाही, आणि त्याच्या हँडलला तुमचा भाऊ असतो. एप्रिल-मेचं डांबर पंजे भाजतं. गोचिडांपासून होणारा ताप वेगळाच. ब्रिटनमध्ये सुट्टीच्या काळात कुत्र्याला सांभाळणारे स्वयंसेवक मिळतात. पुण्यात भावाने पांढरी काठी घ्यावी आणि गर्दीत तुमच्या कोपराला धरावं. तुम्ही त्याला धरून ढकलायचं नाही, त्याने तुमचा कोपर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं.

उलट आईंनाच एकदा लेस्टरला घेऊन जा. गेल्यावर पाळायच्या दोनच गोष्टी. हार्नेस अंगावर आहे तोवर कुत्र्याला हाक मारायची नाही, गोंजारायचं नाही, त्याच्या डोळ्यात बघून च्यक च्यक करायचं नाही. हार्नेस उतरला की तो साधा घरचा कुत्रा, हवं तेवढं लाडवा. दुसरी गोष्ट, ताटातलं काही द्यायचं नाही. पोळीच्या तुकड्याने तो मरणार नाही, पण रस्त्यात पडलेल्या प्रत्येक तुकड्याकडे ओढायला लागेल, आणि ओढणारा कुत्रा म्हणजे ठेचकाळणारा मालक. प्रसादाच्या शिऱ्याबद्दल तर अगदीच कडक राहा. त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसूणही नको. देवघराचा प्रश्न असेल तर दारात "थांब" म्हटलं की तो थांबेल, आपल्या घरातल्या बऱ्याच माणसांपेक्षा शहाण्यासारखा.

राहिला आईंचा शेवटचा प्रश्न: कुत्रा आणलाच तर त्याचं नाव मोती ठेवता येईल का? नाही. नाव आधीच ठेवलेलं असतं. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची इथली पद्धत आहे, आणि वर्षभर त्याच नावाने तो शिकलेला असतो. पण एक पळवाट आहे. रस्त्यात लोक सारखं नाव विचारतात आणि मग त्या नावाने हाका मारून कुत्र्याचं लक्ष उडवतात, म्हणून माझ्याकडचे कित्येक जण अनोळखी लोकांना खोटंच नाव सांगतात. तिथे मोती चालेल.